ब तुकडीची यादी

"डोक्यावर घ्यायचं ते घ्या. डोक्यात घ्यायला दुसरी पोरं आहेत."

हे आमच्या वर्गशिक्षकांचं वाक्य. मला उद्देशून. माझ्या आईच्या समोर. भरलेल्या व्हरांड्यात.

दहावीची गुणपत्रिका वाटायचा दिवस होता. अर्धापूर तालुक्यातलं आमचं गाव, गावातलं हायस्कूल, ऑफिसबाहेरचा व्हरांडा. टेबलावर अकरावीचे फॉर्म. गावातल्या पोरांना फॉर्म भरता येत नाही म्हणून सर स्वतः भरून द्यायचे. गाव त्यांना त्यासाठी मान द्यायचं. ते एकेकाला बोलवायचे, गुणपत्रिका हातात द्यायचे आणि फॉर्मवर शाखा लिहायचे. कुणाला विचारायचे नाहीत. कुणाच्या पोरानं काय व्हायचं ते त्यांना आधीच माहीत असायचं.

माझ्या आधी बागायतदाराच्या मुलीचा नंबर आला. वर्गात ती माझ्या शेजारी बसायची. गणितात तिला माझ्यापेक्षा तीस मार्क कमी. सर हसून म्हणाले, "लातूर ना?" तिनं मान हलवली. फॉर्मवर लिहिलं, विज्ञान.

मग मी. गणितात दीडशेपैकी एकशे एकेचाळीस. सरांनी गुणपत्रिकेकडं बघितलंसुद्धा नाही. लिहिलं, कला.

मी म्हटलं, "सर, सायन्स."

तोपर्यंत सरांपुढं मी न विचारता कधी तोंड उघडलं नव्हतं.

सरांनी पेन खाली ठेवलं. "सायन्स?" मग सगळ्यांकडं बघून म्हणाले, "ऐकलं का, बाईंना सायन्स पाहिजे." शिपाई हसला. पालक हसले. माझ्या वर्गातली पोरं हसली, ज्यांना मी परीक्षेआधी त्रिकोणमिती समजावून सांगितली होती ती पण हसली. मग सरांनी माझ्या आईकडं बोट केलं. "तुझी आई केळीचे घड वाहते ना?" आणि मग ते वाक्य.

आई बागेतून तशीच आली होती. हातात डोक्यावरची चुंबळ. लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. तो चीक कशानंही निघत नाही. माझ्या शाळेच्या ड्रेसवरही होता, कारण सुट्टीच्या दिवशी मीही घड वाहायचे. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. समाजमंदिर, निळा झेंडा, पुढं नाला. आमच्यातला एकही माणूस बागेचा मालक नव्हता. सगळे वाहणारे.

आई पुढं आली. मला वाटलं, आता बोलेल. वस्तीत तिच्या तोंडाला कुणी लागायचं नाही. रेशन दुकानदाराला तिनं एकदा चारचौघांत सरळ केलं होतं. ती पुढं आली आणि वाकली. सरांच्या पायाला हात लावला.

"तुमी म्हणताव ते बरुबर हाय सर. पोरीला कळत न्हाई."

मला सरांचा राग आला नाही. आईचा आला. तो राग मी वीस वर्षं जपला.

सरांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना वाचवायचं म्हणून नाही. नाव लिहिलं की गोष्ट त्या एकट्याची होते, आणि ती त्या एकट्याची नव्हती. व्हरांडा हसला होता.

नांदेडला गेले. समाजकल्याणचं वसतिगृह, कला शाखा. खोटं कशाला सांगू, इतिहास मला आवडला. मराठी आवडली. वाईट काही नव्हतं त्यात. पण ते माझ्यावर टाकलेलं होतं. दुसऱ्याच्या मापाचं लुगडं नेसल्यासारखं वाटायचं, चालताना सारखं सावरायचं.

दिवाळीच्या सुट्टीत बागायतदाराची मुलगी गावी आली होती. एका दुपारी ती आमच्या वस्तीत आली, माझ्याकडं. असं ती पूर्वी कधी आली नव्हती. पिशवीत अकरावीचं गणिताचं पुस्तक. म्हणाली, "तू सोडव ना गं. मला न्हाई येत." आणि रडायला लागली. तिला लातूर नको होतं. तिला चित्रं काढायची होती. मी अंगणात बसून तिची गणितं सोडवली, ती कोंबड्यांची चित्रं काढत बसली. तासभर आम्ही दोघी खूश होतो. मग तिच्या घरचा गडी बोलवायला आला.

तिलाही कुणी विचारलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात एकच होतं. माझे मार्क जास्त, म्हणून सायन्स माझं. माझ्यावर अन्याय झाला कारण मी हुशार होते. हे मी किती वर्षं धरून बसले. आणि हेच चुकीचं धरून बसले.

बी.ए. झाले. बी.एड. झाले. बऱ्याच मुलाखती, बऱ्याच खेपा. मग लातूरच्या एका संस्थेच्या हायस्कूलमध्ये लागले. मराठी आणि इतिहास. आईला घेऊन लातूरला आले.

लातूर म्हणजे काय ते बाहेरच्याला एका गल्लीत कळतं. दोन्ही बाजूंनी क्लासेस. वर फ्लेक्स, फ्लेक्सवर पोरांचे फोटो, फोटोखाली मार्क. त्या फोटोंखालून हजारो पोरं दप्तरं घेऊन जातात, मान खाली घालून. ज्यांचे फोटो लागणार नाहीत त्यांचं शहर कुठलं, हे कुणी विचारत नाही.

शाळेत मला एक जास्तीचं काम दिलं गेलं. करिअर मार्गदर्शन. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोरांशी चांगलं बोलता." मला आनंद झाला. वाटलं, आता मी तिथं बसेन जिथं मला कुणीतरी हवं होतं.

बसले. तीन वर्षं बसले. काय केलं?

गोड बोलले. आवाज न चढवता बोलले. कुणाची आई धुणीभांडी करते, कुणाचा बाप मिस्त्रीच्या हाताखाली, कुणाच्या घरात शिकलेलं कुणीच नाही. त्यांना मी म्हणायचे, "बघ बाळा, आपली परिस्थिती बघून ठरवावं." आपली. हा शब्द मी मुद्दाम वापरायचे. सर हसले होते, मी खांद्यावर हात ठेवायचे. फॉर्मवर शेवटी लिहिलं जायचं तेच. डॉक्टरांच्या एका मुलाला वायरिंगचं वेड होतं, शाळेतली घंटा त्यानं दोनदा दुरुस्त केली. त्याला मी कधी म्हटलं नाही की आय.टी.आय.ला जा. त्याच्या वडिलांसमोर मला ते सुचलंच नाही.

मग नववीच्या शेवटी यादी आली.

संस्थेनं एका क्लासबरोबर बोलणी केली होती. दहावीच्या दोन तुकड्या करायच्या. अ तुकडीला क्लासचे शिक्षक येऊन शिकवणार, अकरावीच्या सायन्सची तयारी दहावीपासूनच. ब तुकडी नुसती पास होण्यापुरती. ब तुकडीतल्या पालकांकडून संमतीपत्र भरून घ्यायचं होतं. त्यात छापलं होतं: माझा पाल्य दहावीनंतर विज्ञान शाखेस प्रवेश घेणार नाही, तरी त्यास ब तुकडीत बसवावे. खाली पालकाची सही. त्याखाली मार्गदर्शक शिक्षकाची सही. म्हणजे माझी.

यादी मुख्याध्यापकांनीच करून दिली होती. विद्यार्थ्याचं नाव, पालकाचा व्यवसाय, पत्ता. मी ती घेतली आणि पालकांना बोलवायला सुरुवात केली. रोज पाच-सहा. सह्या होत गेल्या. कुणी अंगठा दिला. एक बाई म्हणाली, "मॅडम, तुमी हाव म्हणून बरं हाय. आमाला कोण सांगतंय एवढं?" मी तिला चहा पाजला.

सोनालीचे वडील आले ते एका मंगळवारी दुपारी. औशाकडच्या एका गावचे. लातूरच्या मार्केट यार्डात हमाल. अर्धा दिवस मोडून आले होते. पाठीला सोयाबीनचा भुसा तसाच. सोनाली त्यांच्या शेजारी उभी. नववीत तिला जेमतेम साठ टक्के. पहिल्या पाचात नाही, पहिल्या विसातही नाही. पण तिनं आठवड्याभरापूर्वी मला मधल्या सुट्टीत गाठलं होतं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"आडतीवर एक मशीन हाय. सोयाबीन आलं की मूठभर दाणे त्यात टाकतात. मग आकडा येतो, दाण्यात ओलावा किती. ते दाणा फोडत न्हाईत, भाजत न्हाईत. मग मशीनला आतलं पाणी कसं कळतं?"

मला माहीत नव्हतं. विज्ञानाच्या सरांना विचार म्हटलं. ती म्हणाली, विचारलं. ते म्हणाले, अभ्यासक्रमात नाही. मग ती म्हणाली, "मला सायन्स घ्यायचंय. मला ते मशीन उघडायचंय."

मी हसले होते. छानसं, प्रेमळ.

आता ती आणि तिचे वडील माझ्या टेबलापुढं. खुर्च्या होत्या, दोघंही बसले नाहीत. मी बोलायला लागले. सायन्स अवघड जातं. घरात सांगणारं कुणी नाही. साठ टक्क्यांत टिकणं कठीण. त्यापेक्षा लवकर पायावर उभी राहील असं काहीतरी. शिवणकाम आहे, पार्लरचा कोर्स आहे. माझं सगळं पाठ होतं. बोलत बोलत मी कागद पुढं सरकवला, बोटानं सहीची जागा दाखवली.

वडिलांनी कागद उचलला. वाचता येत होतं त्यांना. सावकाश वाचला. परत वाचला. मग म्हणाले,

"मॅडम, तुमी आमच्यातल्याच हाव म्हणून ऐकलंय."

मी म्हटलं, "हो."

"म्हणून आलो. दुसऱ्या कुणी बोलावलं असतं तर सोनालीच्या आईला पाठवलं असतं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर गप सही करून गेलो असतो. लई बारी केल्यात अशा सह्या. तुमी सांगायलाव, म्हणून इचारायलो. पोरीला जमणार न्हाई, का तुमाला तिच्यासाठी भांडायला जमणार न्हाई?"

मी यादीचे कोपरे जुळवत राहिले.

"मार्क कमी हायत, मला ठाव हाय. न्हाई जमलं तर पडंल. आपटंल. पण पडायची बी तिला मुभा न्हाई का? मोठ्याच्या पोरांना साठ टक्के पडत न्हाईत का?"

आवाज चढलेला नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, उलटा. "सही मी करणार न्हाई." सोनालीकडं बघून म्हणाले, "चल." दाराजवळ जाऊन परत वळले. हात जोडले. "रागवू नका मॅडम." आणि गेले.

मी त्या खुर्चीवर बसू शकले नाही. उठले. खिडकीशी गेले, परत आले. पुढचे पालक बाहेर थांबले होते, त्यांना म्हटलं, उद्या या. मग म्हटलं, उद्या नको, मी सांगेन. पर्स उचलली आणि निघाले. रिक्षा केली नाही. चालत राहिले. क्लासच्या गल्लीतून गेले, फ्लेक्सवरच्या पोरांचे हसरे चेहरे बघत. गंजगोलाईच्या बाजाराला एक चक्कर मारली, मग दुसरी मारली. काही घ्यायचं नव्हतं. पाय थांबेनात.

मला कळत होतं. त्या व्हरांड्यात मी ज्या जागी उभी होते, तिथं आज सोनाली होती. आणि टेबलामागं मी होते. पेन माझ्या हातात होतं. सरांचं पेन तरी दिसायचं. माझं गोड बोलण्याआड लपलेलं.

आणि दुसरं त्याहून वाईट. सोनाली हुशार नव्हती. म्हणजे माझ्यासारखी नव्हती. एकशे एकेचाळीसवाली असती तर कदाचित मी तिच्यासाठी भांडले असते. मनातल्या मनात मी हक्काची परीक्षा घेत होते. जो पहिला येईल त्याला निवडायचा हक्क, बाकीच्यांना आम्ही सांगू ते. म्हणजे सरांचीच रीत. फक्त चाळणी वेगळी.

घरी आले. आई मेथी निवडत बसली होती. तिची मान आता एका बाजूला पुरती वळत नाही. बोलायचं असलं की अख्खं अंग फिरवते. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. सोनालीचं, तिच्या वडिलांचं. आणि वीस वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आई, त्या दिवशी तू सरांच्या पाया का पडलीस?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"तुला काय वाटतं, मला समजलं न्हाई? समदं समजलं. टी.सी. त्याच्या कपाटात हुती. जातीच्या दाखल्याला त्याची सही लागणार हुती. त्याचं तोंड वाकडं झालं असतं तर दिवाळीपर्यंत कागद भेटला नसता तुला. मग सायन्स बी न्हाई अन् आर्ट बी न्हाई. तू घड वाहत राहिली असतीस माझ्या मागं." तिनं अंग फिरवून माझ्याकडं नीट बघितलं. "मी कागदापायी वाकले. तुला पगार हाय, खुर्ची हाय, कागद समदे तुझ्या पेटीत हायत. तू कोणापायी वाकून राहिली?"

तिनं परत जुडी उचलली.

दुसऱ्या दिवशी शाळेत बैठक होती. मुख्याध्यापक, संस्थेचे अध्यक्ष, चार वरिष्ठ शिक्षक. अध्यक्षांची गावाकडं मोठी शेती. वागायला सभ्य माणूस. आवाज कधी चढवत नाहीत. मुख्याध्यापकांनी विचारलं, "मॅडम, ब तुकडीच्या सह्या पूर्ण?"

मी यादी टेबलावर ठेवली.

"सर, या यादीत मार्कांचा रकाना नाही."

"म्हणजे?"

"नाव आहे. पालकाचा व्यवसाय आहे. पत्ता आहे. पोराला काय शिकायचंय ते नाही. त्याला मार्क किती तेही नाही. मग तुकडी कशावरून पाडली?"

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, वास्तव बघायचं असतं. हमालाच्या मुलीला सायन्सला घालून तिचंच नुकसान. माझ्या मनात जातपात काही नाही. आमच्या घरी सगळ्या समाजाचे लोक येतात."

कुठपर्यंत येतात, हे ओठावर आलं. गिळलं. म्हटलं, "तिचं नुकसान तिला ठरवू द्या."

त्यांच्या चेहऱ्यावरची समजूत गेली. "तुमची नेमणूक राखीव जागेवर आहे, मॅडम. इतक्या वर्षांत आम्ही कधी ते बोलून दाखवलं का?"

"आत्ता दाखवलंत."

मी उभी राहिले. एका शिक्षिकेनं माझी ओढणी हळूच ओढली. मी बसले नाही.

"जागा माझी होती, म्हणून मी इथं आले. उपकार म्हणून नाही. आता या पत्रकांवर माझी सही होणार नाही. आणि ज्या सह्या मी घेतल्यात, त्या प्रत्येक घरी मी परत जाणार आहे."

गेले. शाळा सुटल्यावर रोज, आणि रविवारी दिवसभर. गेले म्हणजे माझं स्वागत झालं असं नाही. एका बाईनं दार अर्धवट उघडून विचारलं, "आधी येक सांगता, आता येक. तुमचं खरं कोणतं?" आणि दार लावलं. तिचं बरोबर होतं. एका बापानं मला चक्क हाकललं. जिला मी चहा पाजला होता ती म्हणाली, "राहू द्या मॅडम. आता कशाला पोराच्या डोक्यात भरवताव?" ते ऐकून मी तिच्या उंबऱ्यावर बसूनच राहिले काही वेळ. सगळ्यात खोल माझंच वाक्य रुजलं होतं.

पण अकरा घरांनी संमती परत घेतली. लेखी. एका पोरानं मला अडवून सांगितलं, "मॅडम, मला खरंच वेल्डिंग शिकायचंय. खोटं न्हाई सांगत." मी त्याच्याशी तासभर बोलले, आय.टी.आय.त काय काय असतं, पुढं डिप्लोमाला कसं जाता येतं, सगळं. मग म्हटलं, ठीक आहे, तुझा फॉर्म तू भर. वेल्डिंगच लिही. त्याच्या कागदावर आणि यादीतल्या त्याच्या नावापुढं एकच गोष्ट लिहिलेली होती. पण एक त्यानं लिहिली होती, एक त्याच्यावर लिहिली होती.

यादी कुणी फाडली नाही. तिचं नाव बदललं. ब तुकडीला 'प्रगती' म्हणायला लागले. ते अकरा जण आणि सोनाली अ तुकडीत गेले, त्यांना मागच्या बाकांवर बसवलं. मार्गदर्शनाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. वर्षभरानं, जूनमध्ये आदेश आला. बदली. संस्थेची शाखा माहूरकडं डोंगरात आहे, तिथं. लातूरहून जायला दिवस मोडतो.

आईला सांगितलं. म्हणाली, "डोंगर तर डोंगर. शाळाच हाय ना?" आणि भांडी बांधायला घेतली.

सोनाली दहावी पास झाली. अकरावीला सायन्स घेतलं, लातूरलाच. पहिल्या चाचणीत फिजिक्समध्ये नापास. फोन आला. मला वाटलं रडेल. मी मनात समजुतीची वाक्यं जुळवायला लागले, जुनी सवय. ती म्हणाली, "मॅडम, नापास झाले. पण त्या मशीनचं कळलं. दाण्यात पाणी असलं की त्यातून वीज वेगळी वागते. मशीन ते मोजते." मग म्हणाली, "दुसऱ्या चाचणीला बसायले. बघू." तिला जमेल का? मला माहीत नाही. मी तिला ते सांगितलं. तिनं विचारलंही नव्हतं.

इथं माहूरकडं शाळा लहान आहे. दहावीत एकतीस पोरं. बरीचशी तांड्यांवरून, वाड्यांवरून चालत येणारी. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यासमोर फळ्यावर सगळं लिहिलं. सायन्स, कॉमर्स, आर्ट, आय.टी.आय., डिप्लोमा, नर्सिंग, कृषी. कुठं किती वर्षं, पुढं कुठली दारं उघडतात, कुठली बंद होतात, वसतिगृह कुठं, शिष्यवृत्ती कशी. काय सोपं, काय अवघड. लपवलं काही नाही. मग खाली बसले आणि ऐकत राहिले. गप्प बसणं मला अजून नीट जमत नाही. जीभ शिवशिवते. 'परिस्थिती' हा शब्द तोंडापर्यंत येतो. परत ढकलते.

मग त्यांच्या घरी जायला लागले. आयाबापांना तेच सगळं परत, बसून. देवीला येणाऱ्यांना हार-बांगड्या विकणाऱ्या एका बाईची मुलगी कॉमर्स घ्यायचं म्हणते. गावच्या एका वजनदार माणसाच्या पोराला शेतीचा डिप्लोमा करायचाय, बापाला इंजिनियर हवाय. त्या बापाच्या ओसरीवरही मी गेले. तेच बोलले. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. त्यानं मला चहा दिला नाही, आणि संस्थेत तक्रार केली.

काल नोटीस आली. पालकांची दिशाभूल करणे, संस्थेच्या धोरणाविरुद्ध वर्तन करणे. सात दिवसांत लेखी खुलासा. इथल्या मुख्याध्यापकांनी ती माझ्या हातात देताना डोळे वर केले नाहीत. हळूच म्हणाले, "मॅडम, दिलगिरी लिहून टाका. संपून जाईल. माझ्यापाशी नमुना आहे."

नमुना बघितला. तयार होता, फक्त नाव घालायचं.

आज दुपारी मोकळ्या तासाला मी वर्गातच बसून खुलासा लिहिला. पोरं बाहेर खेळत होती. दोनदा उठले, दोनदा बसले. शेवटी चारच वाक्यं झाली.

'मी विद्यार्थ्यांना व पालकांना दहावीनंतरचे सर्व अभ्यासक्रम समजावून सांगितले. निवड ज्याची त्याने केली. यात माझी चूक झालेली नाही. हे काम मी यापुढेही करीन; येथे ठेवाल तर येथे, दुसरीकडे पाठवाल तर तेथे.'

खाली 'आपली विश्वासू' लिहायची पद्धत आहे. ते लिहिलं नाही. सही केली.